साडेपाच फुटांचा पलंग

मिस्त्रीला कामाला बोलवायचं तर बिल्डिंग उभी असायची गरज नसे. उलट, ती नसेल तेव्हाच त्याला बोलावणं येई. मोकळा प्लॉट, भोवती पत्र्याचं कुंपण, आत खोदकामाचं यंत्र दिवसभर कण्हतंय, आणि एका कोपऱ्यात मोठी शेड. त्या शेडमध्ये मिस्त्री घर बांधायचा. प्लायच्या भिंती, त्यांवर गुळगुळीत रंग, खोटी खिडकी, आणि खिडकीमागे दिवा लावला की बाहेर ऊन पडल्यासारखं वाटायचं. याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात. लोक येतात, बघतात, हरखतात आणि जे घर अजून हवेत आहे त्यासाठी सह्या करून जातात. घर पाहावं बांधून, असं पूर्वीचे लोक म्हणायचे. आता बांधतो कोण? आता घर पाहावं शेडमध्ये.

शहर नुसतं वाढत नव्हतं, त्याला वाढ लागली होती. जिथे परवापर्यंत भंगाराची गोदामं होती तिथे वीस-वीस मजले चढत होते, आणि त्यांची नावं अशी की पत्ता सांगताना टॅक्सीवाल्याचीही बोबडी वळायची. एवढ्या सगळ्या बिल्डिंगा विकायच्या म्हणजे तेवढे सॅम्पल फ्लॅट आलेच. त्यामुळे पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत मिस्त्रीचा हात कधी रिकामा राहिला नाही. या कामात त्याच्यासारखा दुसरा नाही, असं आर्किटेक्ट लोक त्याच्या तोंडावर म्हणत. आणि ते खरंही होतं.

आता ते काम काय होतं तेही सांगतो, लपवण्यासारखं त्यात आहे म्हणूनच सांगतो. सॅम्पल फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना दारं लावत नाहीत, कारण दार उघडायला जागा लागते. कपाट दोन फूट खोल हवं, ते सव्वा फुटाचं करतात. मग हँगर आत आडवा बसत नाही, म्हणून दोन शर्ट तोंड पुढे करून टांगायचे, बघणाऱ्याला वाटतं ही नवी फॅशन आहे. खुर्च्या अंगानं बारीक. आणि पलंग साडेपाच फुटांचा. नुसती लांबी कापली तर पलंग खुजा दिसतो, चोरी पकडली जाते. म्हणून उंचीही उतरवायची, रुंदीही चोरायची, डोक्याकडची फळी खाली घ्यायची, उशासुद्धा लहान करायच्या. त्या उशा मिस्त्रीची बायको शिवायची. कुठे किती चोरायचं हे मिस्त्रीच्या हातात होतं, त्याला टेप लागत नसे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, मिस्त्री अंथरूणच आखूड करायचा. आणि पाय कुणी पसरणार नाही याची काळजी विक्रीची मुलगी घ्यायची. बसा, खुशाल बसा, पण आडवं होऊ नका, चादर इस्त्रीची आहे, असं ती गोड हसून सांगायची.

हे बरं नाही, असं कुणी मिस्त्रीला म्हटलं असतं तर तो वैतागला असता. तो खोटं बोलत नव्हता, तो तर बोलतच नव्हता. 'फर्निचर फक्त दाखवण्यासाठी' असं माहितीपत्रकाच्या तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं. वाचायचं नाही आणि मग रडायचं, त्याला मी काय करू, असं तो म्हणायचा. आणि जेवायला बसायचा.

त्याचा एक थोरला भाऊ होता. दादा. त्याला सगळेच दादा म्हणत, त्याच्याहून वयानं मोठी माणसंही. पाणी खात्यात मीटर वाचायचं काम, चौतीस वर्षं. सहा फूट एक इंच उंची, म्हणून खात्यात त्याला 'खांब' म्हणत, आणि खांबाला रोज शंभर ठिकाणी वाकून जिन्याखालचे, गटाराशेजारचे मीटर वाचावे लागत. आईवडील गेले तेव्हा मिस्त्री नऊ वर्षांचा आणि दादा एकोणीसचा. दादानं शिक्षण सोडलं, आधी पडेल ती नोकरी धरली, धाकट्याला वाढवलं आणि त्याला अभ्यास झेपत नाही हे बघून एका चांगल्या सुताराकडे शिकायला घातलं. मारलं नाही कधी, पण कौतुकही केलं नाही. मिस्त्रीनं पहिलं स्टूल केलं आणि छाती फुगवून दादापुढे ठेवलं, तेव्हा दादानं ते एकदा हलवून बघितलं आणि म्हणाला, एक पाय उचलतोय. पुढेही तसंच. टेबल केलं, कपाटं केली, मोठमोठ्या साहेबांची शाबासकी मिळाली. दादा आपला कडेनं बोट फिरवायचा आणि कुठे काय राहिलंय ते सांगायचा. पन्नाशीला आलेला बाप्या, दोन लग्नाच्या मुलींचा बाप, पण दादानं एकदा 'छान' म्हणावं म्हणून आतून झुरत होता. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

दादाला मूलबाळ नव्हतं. तो आणि वहिनी भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, त्याही दर चार-पाच वर्षांनी बदलत. वहिनी म्हणजे जेमतेम पाच फूट उंची आणि त्याच्या दुप्पट जीभ. ती म्हणायची, यांनी अख्ख्या शहराचे मीटर वाचले, पण एकावरही यांचं नाव नाही. ते दादाला लागायचं. निवृत्त झाल्यावर त्यानं एकच गोष्ट मनात धरली, आपल्या नावाचा मीटर. म्हणजे आपलं घर.

एका रविवारी मिस्त्री शेडमध्ये एका ड्रॉवरचं चॅनल बदलत होता, तर मागून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. दादा आणि वहिनी. न सांगता आलेले, जाहिरात वाचून. हे काम मिस्त्रीचं आहे हेही त्यांना आल्यावर कळलं. विक्रीची मुलगी त्यांना आत घेऊन गेली आणि मिस्त्री हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागे मागे गेला. झोपायच्या खोलीत दादा थांबला. त्यानं पलंगाच्या कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तो पलंगावर बसला, कपाटाकडे बघितलं, खिडकीतल्या खोट्या उन्हाकडे बघितलं.

"हे तू केलंस?" त्यानं विचारलं. मिस्त्री हो म्हणाला. "सुरेख झालंय रे. खोट काढायला जागा नाही."

पस्तीस वर्षं वाट बघितली होती या वाक्याची, आणि आलं ते नेमकं इथे. वहिनी तेवढ्यात म्हणाली, अहो, आडवे होऊन तर बघा, तुमच्या उंचीचं काही सांगता येत नाही. मुलगी लगेच हसून म्हणाली, काकू, चादर इस्त्रीची आहे. दादा भला माणूस, दुसऱ्याची इस्त्री कशाला मोडा म्हणून उठला. एकदा, फक्त एकदा तो आडवा झाला असता तर त्याची पावलं पलंगाबाहेर लोंबली असती आणि सगळा खेळ तिथेच संपला असता. पड रे दादा, बघ, एवढे चार शब्द मिस्त्रीनं बोलायचे होते. तो हसत उभा राहिला.

बाहेर चहा पिताना दादानं त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुला यातलं कळतं, खोली बरी आहे ना. आता तरी बोलायचं. पण मिस्त्रीच्या कानात अजून 'सुरेख' वाजत होतं, आणि त्याच्या सुताराच्या डोक्यानं एक हिशोब केला होता. खोली लहान आहे तर आहे, फर्निचर आपण करू, असं बसवू की दादाला कळणारही नाही. लाकूड हातात असलं की सगळं निस्तरता येतं, असं या लोकांना वाटतं. तो म्हणाला, "चांगली आहे, दादा. घे. आतलं सगळं माझ्याकडे लागलं." दादानं सही केली.

तीन वर्षांनी ताबा मिळाला. शेडमधल्या भिंती पाऊण इंच प्लायच्या होत्या, इथल्या सहा इंच काँक्रीटच्या. मिस्त्रीनं रिकाम्या खोलीत टेप टाकला. पावणेआठ फूट बाय सव्वासहा. दादा दारात उभा राहून म्हणाला, तेव्हा मोठी वाटली होती नाही? मग आपणच स्वतःची समजूत काढली, बघताना माणूस हावरा असतो, डोळ्यांना सगळं मोठंच दिसतं. आणि तो लगेच जिन्याजवळच्या कपाटापाशी गेला, गुडघे टेकले आणि स्वतःच्या नावाचा मीटर मोठ्यानं वाचला: शून्य, शून्य, शून्य, चार. परत उठायला त्याला दोघांनी हात दिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवलं नाही.

मिस्त्रीनं जीव ओतून काम केलं. दादासाठी साडेसहा फुटांचा पलंग केला, नीट, पूर्ण मापाचा. आडवा तो त्या खोलीत बसतच नव्हता, उभा लावला तर पायाकडे सव्वा फूट उरत होता. बाथरूमचं दार पलीकडच्या कोपऱ्यात, आणि घरात दुसरं बाथरूम नाही. तेवढ्या सव्वा फुटातून अंग चोरून जायचं. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या घरात खेकड्यासारखं चालायचा नियम आहे, पाहुण्यांनाही लागू. सगळे हसायचे. दादा तर सर्वांत जास्त. दुपारी तो आपल्या खिडकीशी पडून राहायचा, खरं ऊन अंगावर घेत, आणि मिस्त्रीला वाटायचं, झालं की सगळं नीट, उगाच आपण मनाला लावून घेतलं. चार वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी भाजी घेताना दादा कोसळला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. तीन आठवडे तो नुसता बघायचा. चौथ्या आठवड्यात एक शब्द बाहेर आला. वहिनी पाणी पाजत होती, त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "घर?"

त्यानंतर तेवढाच. नर्स आली, घर? डॉक्टर आले, घर? झाडूवाला आला तरी घर? मिस्त्री रोज संध्याकाळी साइटवरून थेट दवाखान्यात जायचा आणि निघताना दादा त्याच्या बाहीला धरून विचारायचा, घर? मिस्त्री म्हणायचा, होतंय, दादा. मी बघतोय ना.

आणि तो खरंच बघत होता. डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, पण अटी सांगितल्या. पूर्ण लांबीचा पलंग, कारण निकामी पाय सरळच राहायला हवेत. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत व्हीलचेअर जायला हवी. व्हीलचेअर पंचवीस इंच. पायाकडे जागा पंधरा इंच. मिस्त्रीनं आयुष्यभर इंच चोरले होते, आता त्याला दहा इंच हवे होते आणि ते कुठून आणायचे ते कळेना.

आधी तो बिल्डरच्या इंजिनियरकडे गेला. बाथरूमची भिंत थोडी मागे सरकवता येईल का? इंजिनियर तरुण होता, पण उद्धट नव्हता. त्यानं नकाशा उलगडून दाखवला. ती भिंत नाही काका, तिच्यावर वरचे अकरा मजले उभे आहेत. नवीन पद्धत आहे, सगळ्या भिंती एकसंध ओततात, एक इंचही तासता येणार नाही. मिस्त्रीला आठवलं, हीच भिंत शेडमध्ये त्यानं दोन माणसं घेऊन अर्ध्या दिवसात उभी केली होती आणि एका लाथेत पडली असती.

मग तो वहिनीला म्हणाला, दादाला बाहेरच्या खोलीत ठेवू. तिथे पलंग बसतो. व्हीलचेअर फिरते. आतला पलंग काढून टाकू म्हणजे बाथरूमची वाटही मोकळी. वहिनी कणीक मळत होती ती थांबली. त्या खोलीचं दार थेट जिन्यात उघडतं. लिफ्टमधून उतरणारं माणूस आधी आत बघतं, मग पुढे जातं. दादाला पुसायचं, कपडे बदलायचे, भांडं द्यायचं, सगळं तिथे.

"भाऊजी, हा माणूस चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात उभा राहिला," ती म्हणाली. "आता स्वतःच्या दारात उघडा पडायचा नाही. त्यांची खोली आहे. त्यांना त्यांच्या खोलीत आणा."

चार दिवसांनी मिस्त्रीनं ते केलं, जे फक्त त्याच्यासारख्याच माणसाला सुचलं असतं. त्यानं जुना पलंग सोडवून बाजूला ठेवला आणि साडेपाच फुटांचा नवा करायला घेतला. पायाकडे सव्वादोन फूट जागा सुटली, सत्तावीस इंच. व्हीलचेअर जाते, वर दोन इंच उरतात. दादाचे पाय? त्यासाठी त्यानं पायाकडची बाजू उतरती केली, गुडघ्याखाली ठेवायला गादीचा उंचवटा केला, कडा गोल केल्या, फळीला मऊ अस्तर लावलं. आठ दिवस सुट्टी टाकून राबला. इतकं चांगलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. आपण सहा फूट एक इंच माणसासाठी साडेपाच फुटांचा पलंग करतोय, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षं डोळ्यांना एकच सवय लावली होती, खोली कशी दिसते ते बघायचं, त्यात माणूस मावतो का ते नाही. ती सवय आता त्याच्यावरच उलटली. आपलेच दात, आपलेच ओठ.

पलंग लागला त्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर घर बघायला येणार होत्या. वहिनीनं धुतलेली चादर घातली, उशी ठेवली आणि दारात येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, खोली केवढी दिसायला लागली," ती म्हणाली. "अगदी त्या दिवशी दिसली होती तशी. आठवतं का हो भाऊजी? हे पलंगावर बसले होते आणि मी म्हटलं, हीच घेऊ."

मिस्त्रीनं मान हलवली. तिनं आणखी एक पाऊल पुढे विचार केला असता तर सगळं उमगलं असतं, पण दाराची घंटा वाजली. सिस्टर आल्या. वयस्क, शिस्तीच्या, पिशवीत स्वतःचा टेप. त्यांनी बाथरूमचं दार बघितलं, वाट मोजली, बरं म्हणाल्या. मग पलंगावर टेप टाकला. सहासष्ट इंच. पुन्हा टाकला. पेशंटची उंची विचारली. मिस्त्रीनंच सांगितली. सिस्टरनी टेप गुंडाळला आणि त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही सुतार आहात ना?"

तो हो म्हणाला. बस्स, एवढंच. त्या रागावल्या नाहीत, पण हे चालणार नाही म्हणाल्या. पाय असे दुमडून राहिले तर महिनाभरात आखडतील, पाठीला जखमा होतील, मग ते कधीच सरळ होणार नाहीत. वहिनीनं विचारलं, दुसरं काही? सिस्टरनी शहराबाहेरच्या एका केअर सेंटरचं नाव सांगितलं. मोठ्या खोल्या आहेत, माणसं चांगली आहेत. वहिनी पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मग म्हणाली, त्यांना सांगायचं कुणी? भाऊजी, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री दवाखान्यात गेला. त्यानं फक्त एवढंच सांगायचं होतं की थोडे दिवस दुसरीकडे राहावं लागेल. वहिनीनं तेवढंच सांगायला पाठवलं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर वहिनीचा उजळलेला चेहरा होता आणि छातीवर सात वर्षांचा धोंडा होता, आणि तो उतरवायला त्यानं जागा निवडली ती कुठली, तर दादाची छाती. वहिनीला सांगितलं असतं तर तिनं त्याची सालटी काढली असती. मुकादमाला, आर्किटेक्टला, बायकोला, कुणालाही सांगता आलं असतं. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याच्यापाशी खरं बोलायला फार मोठी हिंमत लागत नाही. मला मिस्त्रीची कीव येते, पण या एका गोष्टीसाठी त्याला माफ करावंसं वाटत नाही.

तो खाली मान घालून बोलला. "दादा, त्या खोलीत तुझा पलंग बसत नाही. आणि तेव्हाही बसत नव्हता. शेडमधला पलंग मी आखूड केला होता, लोकांना फसवायला. मला माहीत होतं. तू विचारलंस, तेव्हा मी चांगली आहे म्हणालो." मग घर घेऊ नको म्हणायला हवं होतं, माझी चूक झाली, असं बरंच काही. रडला. दादाचा हात हातात घेतला, तो निकामी उजवा हात होता हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

दादा त्याच्याकडे बघत होता. राग होता का? नव्हता बहुतेक. खूप वेळ बघून त्यानं हळूच तोंड भिंतीकडे केलं. मिस्त्री उठला, चप्पल घातली, दारापर्यंत गेला आणि सवयीनं थांबला. रोज याच वेळी तो एक शब्द यायचा. आज आला नाही.

केअर सेंटर चांगलं निघालं. पलंग पूर्ण लांबीचा, खिडकी मोठी, माणसं मायेची. वहिनी रोज दोन बस बदलून जायची. मिस्त्री सोमवारी परत कामावर गेला. कुणाला वाटेल की त्यानं तो धंदा सोडला, किंवा निदान शेडमध्ये एकदा तरी पूर्ण मापाचा पलंग करून ठेवला. तसलं काही झालं नाही. विमानतळाच्या रस्त्याला बत्तीस मजल्यांचं काम निघालं होतं, त्याची शेड उभी होती, त्यानं साडेपाच फुटांवर खूण केली आणि करवत चालवली. पोट कुणाला चुकलंय? फक्त आता तो शेड पूर्ण झाल्यावर तिथे थांबत नसे. लोक यायच्या आधी हत्यारं आवरून निघून जायचा.

सेंटरला तो रविवारी जायचा. दोन महिने झाले असतील. दादाची तब्येत सुधारली होती, डाव्या हातानं तो स्वतः जेवू लागला होता, 'पाणी' म्हणू लागला होता, 'हो', 'नको' म्हणू लागला होता. वहिनी त्याला संत्र्याच्या फोडी सोलून देत होती आणि मिस्त्रीला घरच्या गोष्टी सांगत होती. तो लहान पलंग तिनं ठेवून घेतला होता. तिच्या उंचीला तो अगदी बेताचा, आणि खोली कशी मोकळी वाटते म्हणाली. आता खेकड्यासारखं चालावं लागत नाही. चालायला दुसरं कुणी नाहीच म्हणा.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "पण एक बरं झालं. आता घर-घर करत नाहीत. मला फार धाकधूक होती, इथे आणल्यावर ओरडतील, मला घेऊन चला म्हणतील. एकदाही म्हणाले नाहीत. रुळले. तुम्ही त्या दिवशी काय सांगितलंत हो त्यांना?"

मिस्त्री म्हणाला, समजूत घातली. वहिनी म्हणाली, तेच, म्हटलं ना, तुमचंच ऐकतात.

मिस्त्रीला ते सहन झालं नाही. तो पलंगाजवळ गेला, दादाच्या तोंडाशी वाकला. दादाचा डावा हात त्यानं आपल्या बाहीवर ठेवला आणि लहान मुलाला शब्द शिकवावा तसा हळू म्हणाला, "दादा, घर?"

दादानं त्याच्याकडे बघितलं. ओळखीनं, नीट, पूर्ण शुद्धीत. तोंडातली फोड त्यानं सावकाश गिळली.

"नको," तो म्हणाला.

वहिनी म्हणाली, बघा, आणि तिनं पुढची फोड सोलायला घेतली.